चारशे वीस रुपये फूट!

पत्र: आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. १९९४ सालची इमारत, तिसरा मजला, टू बीएचके. खिडक्या बिल्डरने दिल्या त्याच आहेत. लोखंडी, बाहेर उघडणारे पल्ले, चौकटीलाच जोडलेले गज. हॉलच्या आणि एका बेडरूमच्या खिडकीतून पावसाळ्यात पाणी येतं. गेल्या जुलैत रात्रभर झड लागली आणि सकाळी हॉलमधल्या दिवाणाची गादी खिडकीकडच्या बाजूने चिंब. आता बदलायच्याच असं ठरवून तीन जणांना बोलावलं. हॉलची खिडकी ६ बाय ४, दोन्ही बेडरूमच्या ५ बाय ४, स्वयंपाकघराची ४ बाय ४. स्टेशनजवळच्या अ‍ॅल्युमिनियमवाल्याने ४२० रुपये फूट सांगितला. यूपीव्हीसीवाला, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्यांचा, ७८० आणि वर जीएसटी म्हणतो. तिसरा शोरूमचा, त्याचा दर १,६५० अधिक जीएसटी. पहिल्याचा दर ऐकून आमचे मिस्टर म्हणाले, "आकडाच चारशे वीस आहे, त्यावरून काय ते समज." खरं कोण बोलतंय? एकूण किती खर्च धरावा? बेडरूमच्या खाली रिक्षा स्टँड आहे, तर साउंडप्रूफ काच घ्यावी का? सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे, पण ते काय, दहा वर्षं चालूच आहे.
एक वाचक, डोंबिवली

ताई, आधी त्या चारशे वीसवाल्याची बाजू घेते. मिस्टरांचा विनोद झकास आहे, पण तो माणूस तुम्हाला फसवतोय असं मला वाटत नाही. त्याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे, एवढंच. आणि बाकीच्या दोघांनीही अर्धीच सांगितली आहे, फक्त त्यांची अर्धी गोष्ट गुळगुळीत कागदावर छापून आली आहे.

मापं पाठवलीत हे फार बरं केलंत. २४, २०, २० आणि १६ मिळून ८० चौरस फूट होतात. बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या यात धरलेल्या नाहीत, त्यांचं शेवटी बघू. पहिल्याचे ३३,६०० रुपये. दुसऱ्याचे ६२,४०० आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ७३,६३२. तिसऱ्याचे १,३२,००० आणि वर २३,७६० जीएसटी, म्हणजे १,५५,७६०. एकाच घराच्या त्याच चार खिडक्या, आणि पहिल्या-तिसऱ्यात साडेचार पटींहून जास्त फरक. बुचकळ्यात पडणारच कोणीही.

आता या तिघांच्याही कागदावर नसलेला खर्च बघा. तुमच्या लोखंडी चौकटी भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे लोखंडी पकडपट्ट्यांनी, गाडलेल्या आहेत. स्क्रू फिरवून त्या निघत नाहीत, ग्राइंडरने कापून आणि छिन्नीने फोडून काढाव्या लागतात. एका खिडकीचे ६००-८०० रुपये मजुरी धरा, चार खिडक्यांचे २,८००. चौकट निघाली की भोवतालचं प्लास्टर सोबत येतं आणि भिंतीच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. तिथे हल्ली चारही बाजूंनी ग्रॅनाइटची पट्टी लावतात. तिचा दर धावत्या फुटावर असतो. तुमच्या चार खिडक्यांचा घेर ७२ फूट होतो, बसवण्यासह २५० रुपये धरले तरी १८,०००. मग कडेचं प्लास्टर, पुट्टी, रंगाचा ठिगळ जुळवणं याचे साधारण ६,०००. राडारोडा गोण्यांत भरून खाली नेऊन टेम्पोत घालायचा, त्याचे २,०००.

आणि सगळ्यात मोठा धोंडा म्हणजे गज. चौकटीला गज जोडलेले आहेत असं तुम्हीच लिहिलंय. चौकट गेली की गज गेले! तिसऱ्या मजल्यावर गजाशिवाय राहायची कोणाची तयारी नसते, नातवंडं येत-जात असतील तर नाहीच. म्हणजे नवं ग्रिल आलं. साध्या लोखंडी ग्रिलचे रंगासह १८० रुपये फूट धरले तर ८० फुटांचे १४,४००. स्टेनलेस स्टीलचं हवं असेल तर दुप्पट-तिप्पट. एवढी मोठी गोष्ट तिघांपैकी एकानेही काढली नाही याचं मला आश्चर्य वाटलं नाही. ते खिडकी विकायला आले होते.

आणखी एक. चारशे वीसमध्ये मच्छरजाळी धरली आहे का विचारा. या दरात बहुधा दोन ट्रॅकची (पल्ले सरकायच्या दोन खाचांची) खिडकी असते, दोन काचा आणि काम झालं. जाळीचा तिसरा ट्रॅक घातला की फुटाला ८०-१०० रुपये चढतात. ९० धरले तर ७,२०० झाले. डोंबिवलीत खाडीकडून येणारे डास बघता जाळीशिवाय खिडकी लावणं म्हणजे संध्याकाळी पाचला खिडकी बंद करून बसणं.

आता बेरीज करा. पहिल्याचे ३३,६०० वाढून ८४,००० होतात. दुसऱ्याचा दर जाळीसकट आहे असं समजलं तर तो १,१६,८३२ वर जातो. शोरूमवाला जुनी खिडकी काढून देत असेल तर त्याचे १,९६,१६०. म्हणजे साडेचार पटींचा फरक सव्वादोन पटींच्या आसपास आला. दर खिडकीचा सांगतात, पण बराच खर्च भिंतीत असतो आणि तो तिघांनाही जवळपास सारखाच पडतो.

जाता जाता मापाचंही सांगते. तुमची हॉलची खिडकी खरंच ६ बाय ४ आहे की ५ फूट ८ इंच बाय ३ फूट १० इंच? या धंद्यात माप वरच्या तीन किंवा सहा इंचांना चढवून धरायची पद्धत आहे. काचेचं बिलही असंच लागतं, त्यात लबाडी नाही. पण ५ फूट ८ बाय ३ फूट १० चे खरे पावणेबावीस फूट होतात आणि बिल लागतं २४ फुटांचं. दहा टक्के तिथेच गेले. माप चढवून धरणार की नेमकं, हे आधी विचारून कागदावर घ्या. स्वतः टेप लावा, मिस्टरांना दुसरं टोक धरायला सांगा.

आता पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही जे सहज लिहून टाकलंत, माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच आहे. रिडेव्हलपमेंट.

१९९४ ची इमारत म्हणजे तिशी ओलांडलेली. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, ५ वर्षांतून एकदा आणि तिशीपुढच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं. सेक्रेटरींना विचारा, शेवटचं ऑडिट कधी झालं आणि त्यात काय लिहिलंय. बाकी दहा वर्षांचं बोलणं मला ठाऊक आहे, डोंबिवलीत निम्म्या सोसायट्यांत ते गणपतीच्या आरतीनंतर निघतं आणि प्रसादाबरोबर संपतं. पण बोलणं वेगळं आणि प्रक्रिया वेगळी. सर्वसाधारण सभेत ठराव झाला का? प्रकल्प सल्लागार नेमला का? निविदा मागवल्या का? यातलं काहीच झालं नसेल तर खिडक्या बदला. पाच-सात वर्षं तुम्ही तिथेच राहणार आहात, आणि तितके पावसाळे गादी भिजवत काढण्यात अर्थ नाही. विकासक ठरला असेल, करारनामा दाराशी असेल, तर मात्र दोन लाख सोडाच, पन्नास हजारही घालू नका. काढलेल्या खिडक्या नव्या घरात कुठेही बसत नाहीत, त्या भंगारातच जातात.

तशी वेळ असेल तर एक मधला मार्ग आहे. काही कारागीर जुनी लोखंडी चौकट आणि गज तसेच ठेवून, फक्त पल्ले काढून आतल्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवून देतात. फोडाफोड नाही, ग्रॅनाइट नाही, ग्रिल नाही. खर्च निम्म्यावर येतो. एरवी मी याला नाही म्हणते, कारण चौकट आत गंजतच राहते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काही वर्षांत भोवतालचं प्लास्टर उडवतो. पण इमारतच तीन वर्षांत पडणार असेल तर गंजाची काळजी कोणी करायची?

समजा, तुमचं बोलणं अजून प्रसादाच्याच टप्प्यावर आहे. तरीही ऑर्डर देण्याआधी एक दिवस पाण्याची परीक्षा करा. मी हे इतकं आग्रहाने सांगते कारण पाणी खिडकीजवळ आलं म्हणजे ते खिडकीतूनच आलं असं नसतं. स्वतःच्या घरात मला हे आठ हजार रुपयांना कळलं. आमच्या खिडक्या मी मे महिन्यात बदलल्या. मी स्थापत्य अभियंता, लोकांना सल्ले देणारी, कारागीर चांगला, सेक्शन (खिडकीची पोकळ धातूची पट्टी) जाड, सगळं कसं नीटनेटकं. जूनच्या दुसऱ्या पावसात नव्या कोऱ्या खिडकीखाली भिंत ओली. कारागिराला फोनवर बरंच बोलले. तो बिचारा येऊन गेला, सिलिकॉनचा आणखी एक थर मारून गेला, पाणी येतच राहिलं. शेवटी दोरीवरून माणूस उतरवला तेव्हा कळलं, छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे केसासारखी चीर होती. पाणी छज्जावर साचून त्या चिरेतून भिंतीत शिरायचं आणि उतरत उतरत खिडकीच्या कोपऱ्यात प्रकट व्हायचं. जुनी खिडकी सुटली बिचारी बदनाम होऊन. त्यात भर म्हणजे प्लास्टर करणाऱ्याने नव्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं सिमेंटने बुजवून टाकली होती. ती मी स्वतः खिळ्याने मोकळी केली.

परीक्षा अशी करायची. कोरड्या दिवशी, गच्चीवरून किंवा वरच्या मजल्यावरच्यांना विनंती करून पाण्याचा पाइप खाली सोडायचा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी खालून वर मारत जायचं, हे महत्त्वाचं. आधी खिडकीखालच्या भिंतीवर दहा मिनिटं, मग खिडकीच्या तळाशी, मग बाजूंच्या सांध्यावर, मग काचांवर आणि अगदी शेवटी छज्जावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. ज्या टप्प्याला आत ओल दिसली तो चोर. काचांच्या वेळी आलं तर काचेभोवतीची जुनी लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, वाळून पडली आहे किंवा पल्ला नीट लागत नाही, म्हणजे खिडकीचाच दोष. पण भिंतीच्या किंवा छज्जाच्या वेळी आलं तर दीड लाखाची खिडकी लावूनही गादी भिजणार आहे.

आणि तसं निघालं तर खर्च तुमचा नाही. आदर्श उपविधींत सोसायटीने स्वखर्चाने करायच्या कामांची यादी आहे. तीत इमारतीच्या बाहेरच्या भिंती आहेत आणि पावसाच्या पाण्याची गळतीही आहे. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेली प्रत काढून ते कलम बघा, परीक्षेचे फोटो जोडा आणि लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं कमिटीच्या बैठकीपर्यंत पोचत नाही. खिडकी मात्र सभासदाच्या खर्चाची. नव्या इमारतीत राहणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दिसला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बिल्डरवर बंधनकारक आहे. अशा घरात स्वतःच्या खिशातून खिडकी बदलण्याची घाई करू नका.

आता दर. ठाणे ते कल्याण पट्ट्यात सध्या मला जे दिसतात ते सांगते. हलक्या सेक्शनची अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी ३५० ते ५००. जाड सेक्शनची, ज्याला बाजारात डोमल म्हणतात ती, ५५० ते ८५०. यूपीव्हीसीची सरकती ६०० ते ९००, पल्ल्याची ८०० ते १,२००. शोरूममधली सिस्टीम अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे एकाच कंपनीच्या जुळत्या भागांची खिडकी, १,२०० पासून सुरू होते आणि २,५०० च्या पुढेही जाते. अ‍ॅल्युमिनियमचा भाव किलोवर हलतो, त्यामुळे कोटेशन पंधरा दिवसांपेक्षा जुनं झालं की पुन्हा विचारायचं. लाकडासारखा दिसणारा यूपीव्हीसी हवा असेल तर पांढऱ्यापेक्षा पंचवीसेक टक्के जास्त. माझं मत विचाराल तर तो पैसा फक्त दिसण्याचा आहे.

हलका सेक्शन आणि जाड सेक्शन शेजारी ठेवले तरी लांबून सारखेच दिसतात. फरक त्या पट्टीच्या पत्र्याच्या जाडीत असतो, कुठे १ मिलिमीटर, कुठे दीड. मी काय करते सांगू? दोन्हींचा एकेक फुटाचा तुकडा मागून घेते आणि खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवते. तो हसतो, पण वजन खोटं बोलत नाही. पातळ सेक्शनची मोठी खिडकी दोन वर्षांत खुळखुळायला लागते आणि जूनच्या वाऱ्यात मधोमध वाकते. तुमच्या ६ फुटांच्या खिडकीला तर मी हलका सेक्शन लावूच देणार नाही, ४ बाय ४ ला एक वेळ चालेल. पावडर कोटिंग किमान ६० मायक्रॉन हवं, ते कागदावर लिहून घ्या. यूपीव्हीसीच्या पोटात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी असायला हवी, नाहीतर लांब पल्ला उन्हात धनुष्य होतो. शोरूममध्ये जरा ताकदीचं चुंबक घेऊन जा आणि नमुन्यावर फिरवा. चिकटलं तर पट्टी आहे. मात्र नमुन्यात असलेली पट्टी तुमच्या खिडकीतही येईल याची खात्री माल उतरेल तेव्हा पुन्हा चुंबक फिरवूनच करायची. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. हे सांगायला शरम वाटावी इतकं स्वस्त आहे आणि तरी बहुतेक ठिकाणी साधेच लागतात, मग दोन पावसाळ्यांत पांढऱ्या चौकटीवर तांबड्या रेघा. काच ४ ऐवजी ५ मिलिमीटर घ्या. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच हवीच असं नाही, तुमच्या खिडक्यांच्या उंबरठ्याची उंची तीन फुटांच्या वर असेल तर साधी चालते. टफन्ड घेतलीत तर कोपऱ्यात कायमचा शिक्का असतो तो बघा. ती नंतर कापता येत नाही, म्हणून माप चुकलं तर काच नवीनच येते, आणि तो भुर्दंड कोणाचा हे आधी ठरलेलं बरं.

सरकत्या खिडकीचा एक तोटा कोणी सांगत नाही. तुमची आताची लोखंडी खिडकी पूर्ण उघडते. दोन काचांची सरकती कधीही अर्धीच उघडते. हॉलमध्ये दुपारची वाऱ्याची झुळूक निम्मी होणार, हे धरून चाला. तो खर्च विजेच्या बिलात येतो. मोठ्या खिडकीला तीन काचांची आणि वर जाळीची, अशी चार ट्रॅकची रचना करून दोन तृतीयांश उघडता येते, पण तेवढा ट्रॅक बसायला भिंतीची जाडी लागते.

रिक्षा स्टँडचं ऐका. साउंडप्रूफ काच असं काही नसतं, आवाज कमी करणारी खिडकी असते, आणि त्यात काचेपेक्षा फटीचं काम मोठं. सरकत्या खिडकीच्या पल्ल्यांमध्ये केसाळ पट्टी असते, ती धूळ अडवते, रिक्षाचा हॉर्न नाही. पल्ल्याची खिडकी रबराच्या गॅस्केटवर दाबून बंद होते, म्हणून आवाजाला तीच बरी. पण आपल्या घरात ग्रिल बाहेर असतं, मग पल्ला बाहेर उघडणार कसा? आत उघडायचा तर पडदा आणि टेबल मध्ये येतात. ग्रिल आतून घ्यावं तर जाळी कुठे लावायची हा पेच, आणि पावसाळ्यात गजातून हात घालून वाऱ्याशी कुस्ती खेळायची. ती कुस्ती तुम्ही तीस वर्षं खेळलाच आहात. शिवाय खिडकी बंद ठेवली तरच आवाज अडतो, म्हणजे एसी हवा, आणि एसीच्या पाइपचं भोक नीट बुजवलेलं नसेल तर सगळा आवाज तिथून येतो. तेव्हा त्या एका बेडरूमला सरकतीच खिडकी ठेवून ६.३८ मिलिमीटरची लॅमिनेटेड काच घ्या, म्हणजे दोन पातळ काचा आणि मध्ये चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ थर. फुटाला शंभर-सव्वाशे जास्त पडतील. फरक जाणवेल, शांतता मिळणार नाही. दुहेरी काचेच्या भानगडीत या बजेटमध्ये पडू नका.

मी तुमच्या जागी असते तर चार नाही, तीनच खिडक्या बदलल्या असत्या. स्वयंपाकघराची खिडकी गळते असं तुम्ही लिहिलेलं नाही. ती खरवडून, रेड ऑक्साइड मारून, नवी लांबी आणि ऑइलपेंट, तीन हजारांत पाच वर्षं काढेल. उरले ६४ फूट. त्या चारशे वीसवाल्यालाच परत बोलवा आणि सांगा: जाड सेक्शन, तीन ट्रॅक, जाळी, ५ मिलिमीटर काच, स्टेनलेस स्क्रू, बोल किती. ६२० च्या आसपास यायला हरकत नाही, म्हणजे ३९,६८०. एका बेडरूमच्या लॅमिनेटेड काचेचे २,४००. ग्रॅनाइट ५६ फूट, १४,०००. ग्रिल ११,५२०. काढण्याचे २,१००, प्लास्टर-रंग-राडारोडा ७,०००, स्वयंपाकघराचे ३,०००. एकूण ७९,७००. त्याची जीएसटी नोंदणी असेल तर खिडक्यांवर साडेसात हजार आणखी. नोंदणी नसलेला छोटा माणूस जीएसटी लावू शकत नाही, त्यात गैर काही नाही. नोंदणी असून "बिल नको ना?" विचारणारा वेगळा. त्याच्याकडून बिल घ्याच, पाणी आलं तर दाखवायला तेवढा एकच कागद असतो. ऐंशी ते नव्वद हजार बाजूला ठेवा आणि हाताशी दहा हजार असू द्या. जुनी चौकट फोडताना कोपऱ्यातली सळई गंजलेली निघाली तर ते काम तेव्हाच करावं लागतं.

यूपीव्हीसी वाईट नाही, माझ्या आईच्या घरी आहे. तुमच्या हॉलला शोभेलही. पण ३० वर्षांच्या इमारतीत वरचे पैसे मी ग्रॅनाइटच्या उतारात आणि बाहेरच्या सांध्यात घालीन. खालची पट्टी बसवताना ती बाहेरच्या बाजूला उतरती हवी. त्यावर वाटीभर पाणी ओतून बघा, कारागीर समोर असतानाच. पाणी आत आलं तर सिमेंट ओलं आहे तोवर उचलायला लावा. सिलिकॉन मारायच्या आधी सांधा ब्रशने झाडून, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा, धुळीवर मारलेलं सिलिकॉन पहिल्या उन्हात साप कात टाकतो तसं सुटतं. आणि बाहेरून सांधा भरायला दोरीवरचा माणूस लागणार असेल तर त्याच्या कंबरेला पट्टा आहे का, हेही आपणच बघायचं असतं.

सोसायटीला पत्र देऊन मगच काम काढा. रंग आणि ग्रिलचा नमुना ठरलेला असू शकतो, आणि पेटीसारखं बाहेर आलेलं ग्रिल तर वादाचंच. पैसे देताना निम्मे आगाऊ, माल घरी उतरल्यावर चाळीस टक्के आणि उरलेले दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. तो कुरकुर करेल. पाच टक्क्यांवर तडजोड करा, पण पाऊस पडेपर्यंत काहीतरी तुमच्या हातात राहू द्या. काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरका. होळीला आणि मे महिन्यात बरेच कारागीर गावी जातात, आणि मेच्या शेवटी अख्ख्या डोंबिवलीला एकदमच खिडक्या आठवतात.

बाथरूमच्या काचपट्ट्या फुटल्या असतील तर काचवाल्याकडे मापाच्या कापून मिळतात, त्यासाठी कोणाला कोटेशन मागू नका. जुन्या चौकटी आणि गज भंगारवाल्याला तुमच्यासमोर वजन करून द्या, ते पैसे तुमचे, कारागिराचे नाहीत. आणि खिडक्या होईपर्यंत दिवाण भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा.